मिशीचा डिंक

न्हाणीतल्या बेसिनच्या काठावर एक खोटी पापणी चिकटलेली होती. सेजलला ती दिसली तेव्हा आधी बरंच वाटलं. चला, आईंनी आपल्या आपण काढली, एक काळजी मिटली. अशा पापण्या जपून ठेवल्या तर पुन्हा वापरता येतात, म्हणून तिने ती नखाने अलगद सोडवून घेतली, आणि खिडकीच्या उजेडाकडे धरली.

खोटे केस काळेभोर, लांब, वर वळलेले होते. पण त्यांच्या बुडाशी, डिंकाच्या पिवळट पट्टीत, दुसरेच केस अडकले होते. आखूड आणि सरळ. त्यांतले काही पांढरे होते, आणि काहींच्या टोकाला बारीकसा तांबडा ठिपका होता. हे केस कुणाचे, असं विचारायची गरजच नव्हती. खोट्या पापण्यांत पांढरा केस कधी नसतो.

बेसिनचा काठ धरून ती तशीच उभी राहिली. हे आपण केलं, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. सासूच्या पापण्या मुळासकट उपटून निघाल्या होत्या, आणि त्या डोळ्याचं काय झालं असेल ते बघायला अजून मागच्या दारी जायचं होतं.

सासूचं नाव विनोदिनी. हे नाव ज्याने ठेवलं त्याला पुढची काही कल्पना नसावी. सर्वण गावात तिला सगळे सुभेदार म्हणत, तोंडावर नाही, पाठीमागे. गावच्या देवळाच्या वर्धापनदिनाला बायकांचं नाटक होतं आणि त्यात पुरुषांची कामंही बायकाच करतात. विनोदिनी गेली वीस वर्षं सुभेदार झाली, सरदार झाली, एकदा तर साक्षात यम झाली. मिशी लावून ती विंगेतून बाहेर आली की देवळाच्या कमिटीतले पुरुषसुद्धा खुर्चीत सावरून बसत. आणि नाटक संपलं रे संपलं, की पडदा पुरता खाली यायच्या आत ती मिशीचं एक टोक चिमटीत धरायची आणि एका झटक्यात ती ओढून काढायची. वरचा ओठ लालभडक व्हायचा. "संपलो सुभेदार," असं ती म्हणायची आणि बायका खिदळायच्या. तो झटका बघायला पोरं मुद्दाम रंगमंचाच्या मागे जाऊन थांबत.

अशा घरात पेडण्याची सेजल डिसेंबरात लग्न होऊन आली. नवरा, ओंकार, महिन्याभरात बोटीवर नोकरीला परत गेला. सासरे कृष्णनाथ एके काळी खाणीवर स्वतःचे ट्रक चालवत होते, आता शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतात आणि घरात फारसं बोलत नाहीत. राहिली विनोदिनी. ती सेजलला कधी टाकून बोलली नाही, हे खरं सांगायला हवं. पण सेजलने केलेल्या माशाच्या हुमणात ती मीठ चाखून बघायची, सेजलने वाळत घातलेले कपडे पुन्हा झटकून घालायची, आणि नुसतं "कोण ता?" म्हणाली तरी सेजलच्या हातातलं भांडं निसटायचं. घाबरायला एवढं पुरे होतं.

यंदा दिग्दर्शकाने काय मनात आणलं कोण जाणे, विनोदिनीला पहिल्यांदाच बाईचं काम दिलं. राजमातेचं. सेजलने लग्नाआधी म्हापशाला ब्युटी पार्लरचा कोर्स केलेला, म्हणून मेकअप तिच्याकडे आला. तिने सगळा धीर एकवटून विचारलं होतं, "आई, तुमच्या डोळ्यांक खोट्यो पापण्यो लावूया? मागल्या रांगेक पण डोळे दिसतले." विनोदिनीने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "लाव." सासूने आपलं काही तिच्या हाती सोपवलं ते हे पहिलंच. त्या एका शब्दावर सेजल आठवडाभर आनंदात होती.

घोळ झाला तो रंगपटात. एकीला पापण्या लावलेल्या बघून दुसरीला हव्याशा झाल्या, मग तिसरीला, आणि राजमातेची पाळी येईपर्यंत पापण्यांच्या डिंकाची ट्यूब पिळून पिळून चपटी झाली. पहिली घंटा होऊन गेलेली. विनोदिनी खुर्चीत डोळे मिटून ताठ बसलेली. समोर तिचीच पत्र्याची पेटी उघडी होती आणि पेटीत नेलपॉलिशच्या जुन्या बाटलीत मिशीचा डिंक होता, झाकणालाच ब्रश असलेला. नाटकवाले त्याला स्पिरिट गम म्हणतात. राळ आणि स्पिरिटचा तो उग्र डिंक वरच्या ओठासाठी असतो, पापणीच्या काठासाठी नाही, हे सेजलला चांगलं ठाऊक होतं. म्हापशाच्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. दुसरी कुणी खुर्चीत असती तर ती सरळ म्हणाली असती, पापण्यांशिवाय जा. पण राजमातेला तसं म्हणायची तिची छाती झाली नाही. तिने ब्रश बुडवला. हात थरथरत होता. दुसरी घंटा झाली तेव्हा दोन्ही पापण्या घट्ट बसल्या होत्या.

नाटक संपलं की लगेच तेल लावून सावकाश काढू, असा तिचा बेत होता. पण नाटक संपल्यावर राजमातेच्या पाया पडायला बायकांची रीघ लागली, मग महाप्रसाद, मग पेडण्याहून आलेले पाहुणे. घरी आल्यावर विनोदिनी म्हणाली, "सकाळी काडतलंय," आणि आडवी झाली. सेजल तेलाची बाटली घेऊन दारापर्यंत गेली आणि दारावरूनच मागे फिरली. झोपलेल्या वाघिणीला कोण उठवणार, असं म्हणून तिने स्वतःची समजूत घातली. घात झाला तो तिथे.

"कोण ता? सेजल?"

मागच्या दाराच्या बाजूने हाक आली. सेजलने ती पापणी मुठीत दाबली आणि गेली.

विनोदिनी मागच्या पायरीवर बसली होती, तोंडावर ओला तुवालो दाबून. सेजलची चाहूल लागल्यावर तिने तो खाली केला. डाव्या डोळ्याची वरची पापणी सुजून तांबडी झाली होती आणि तिचा काठ बोडका होता. एकही केस नाही. त्या जागी रक्ताचे सुकलेले बारीक ठिपके होते. डोळा मात्र उघडा होता आणि त्यातून पाणी गळत होतं. उजवा डोळा बंद होता. डिंक रात्रीच्या घामाने पाघळून खाली उतरला होता आणि वरखालचे केस, खोटे-खरे सगळे, एका काळ्या खरपुडीत घट्ट बसले होते.

"एक काडलंय," विनोदिनी म्हणाली. "दुसरो डोळो उघडणा नाय."

"दुखता?"

"मिरची गेल्यासारखो झोंबता. बाजूक हो. ह्यां पण ओढून टाकतंय."

तिचा हात वर गेला. अंगठा आणि तर्जनी यांची चिमटी झाली, तीच, मिशीची. सेजलला पुढचं सगळं डोळ्यांसमोर दिसलं. तो झटका, ते मुळं घेऊन येणारे केस, आणि पापण्याच एकमेकींना चिकटलेल्या म्हणून कदाचित कातडीही. तिने पुढे होऊन सासूचं मनगट धरलं.

कालचा मेकअप सोडला तर इतक्या महिन्यांत पाया पडण्यापलीकडे तिने सासूला हात लावला नव्हता. आता एक थप्पड बसणार, असं तिला वाटलं. विनोदिनीने हात सोडवून घेतला नाही.

"ओढू नकात, आई. मी काडतंय. हळूहळू काडतंय."

तेवढ्यात कुंपणाकडून गंगा आली. शेजारीण, कालच्या नाटकातली प्रधान. तिच्या वरच्या ओठावर अजून मिशीचा लाल पट्टा होता. नाटकाचे कपडे गोळा करायला म्हणून आली आणि विनोदिनीचं तोंड बघून वाटेतच थबकली.

"ह्यां काय झालां गे? कसलो डिंक लावलंस तू?"

प्रश्न सेजलला होता.

"मिशयेचो डिंक असतो तर भियाचा नाय होता," गंगा आपलंच सांगत सुटली. "रॉकेलाचो बोळो फिरवलो काय सुटता. आता रॉकेल मेळणा नाय, मी काल स्कूटरीतला पेट्रोल काडून मिशी सोडवलंय. पण ह्यो पापण्यांचो डिंक. त्येका काय लायतत कोणाक ठावक."

खरं सांगितलं तर गंगा धावत जाऊन पेट्रोल घेऊन येणार. खोटं सांगितलं तर डोळ्यात काय गेलंय ते कुणालाच कळणार नाही, डॉक्टरलाही नाही. दोन्हीकडून त्या बंद डोळ्याचंच नुकसान होतं. मुठीतली पापणी तिला तळहाताला टोचत होती. विनोदिनी मान किंचित तिरकी करून बसली होती, कानाने बघत असल्यासारखी.

"तरी पेट्रोल लावून बगूया," गंगा वळली. "इल्लाशा, थेंबभर. बोळ्यार घेवन."

"पेट्रोल नको." सेजलचा आवाज एवढा मोठा निघाला की परसातली मांजर उठून गेली. "पेट्रोल डोळ्यात उतारला तर डोळो जातलो. तुमी आता घराक जावा, गंगामावशी. मी कपडे आणून दितंय."

गंगाने तिच्याकडे पाहिलं, मग विनोदिनीकडे. "सुनेक आवाज आसा मगे," ती म्हणाली आणि फणकाऱ्याने निघून गेली. आता ही बातमी वाऱ्यावर शेजारच्या कारापूरपर्यंत पोचणार, हे सेजलला कळत होतं. पण त्या घडीला तिला कारापूरचं काही पडलेलं नव्हतं.

आवाज ऐकून कृष्णनाथ बाहेर आले. बायकोचं तोंड बघून ते पांढरेफटक पडले. खाणीच्या खड्ड्यातून भरलेला ट्रक मागे मागे वर काढणारा माणूस, पण डोळा आणि रक्त म्हटलं की त्यांचे हातपाय गार पडतात.

"गाडी काडतंय," ते म्हणाले. "डॉक्टराकडे जावया."

"ह्या तोंडान?" विनोदिनी म्हणाली. "काल सगळ्यांनी राजमाता बगल्यानी. आज ह्यां दाखवू? आणि आयताराचो डिचोलीत खंयचो डॉक्टर बसलो आसा?"

"म्हापशाक मोठ्या हॉस्पिटलात आसतलो," कृष्णनाथ म्हणाले.

दोघंही सेजलकडे बघायला लागली. निर्णय सेजलवर आला होता, आणि तो तसा का आला हे तिला कळलं नाही. ओंकारला विचारावं तर त्याची बोट कुठल्या समुद्रात असेल कोण जाणे.

"बाबा, तुमी गाडी काडून ठेवा," ती म्हणाली. "वाटेत गाडीच्या धक्क्यान ह्येंचो हात डोळ्याक गेलो तर सगळा ओढून येतला. आधी डिंक मऊ करतंय. डोळो उघडलो काय लगेच जावया. आणि डोळ्याच्या आत दुखूक लागला तर तसांच उठून जावया, तुवालो घेवन."

कृष्णनाथ गेले. अंगणात व्हॅन सुरू झाल्याचा आवाज आला आणि तसाच येत राहिला. सासरे इंजिन चालू ठेवून आत बसून राहिले होते.

सेजलने विनोदिनीला पडवीतल्या बाकावर निजवलं, मानेखाली चादरीची गुंडाळी दिली. मुठीतली पापणी बाजूला ठेवून हात साबण लावून दोनदा धुतले, कारण पहिल्यांदा धुतलेत की नाही हेच तिला आठवेना. पाणी कोमट केलं आणि आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघितलं, बाळाच्या आंघोळीचं बघतात तसं. खोबरेल तेल स्वयंपाकघरातल्या डब्यातलं घेतलं नाही, त्यात कुणाकुणाचे चमचे बुडालेले असतात. नवी बाटली फोडली. कापूस घेतला आणि परत ठेवला, त्याचे तंतू डिंकाला चिकटले असते. शेवटी स्वतःच्या कपाटातून एक जुनी मऊ ओढणी काढली, माहेरची, आणि तिचे तुकडे केले.

पहिला तुकडा कोमट पाण्यात पिळून तिने बंद डोळ्यावर नुसता ठेवला. दाबला नाही, पुसला नाही.

"आता?" विनोदिनी म्हणाली.

"आता काय नाय. थांबूचा."

"किती?"

"तो मऊ होयसर."

थांबणं हे सगळ्यात कठीण काम आहे, हे म्हापशाच्या बाई नेहमी सांगायच्या. डोळ्याचा मेकअप हाताने निघत नाही, वेळाने निघतो. सेजल तेव्हा वहीत फुलं काढत बसायची. आता तेच शब्द ती मनात जपासारखे म्हणत होती. तुकडा निवला की दुसरा ठेवत होती. विनोदिनीचा श्वास जोरात चालला होता. तिचा डावा हात बाकाच्या कडेवरून खाली आला आणि त्याने सेजलच्या ड्रेसचं टोक पकडलं. कशाला पकडलंय, हे सेजलला कळेना. दुखलं की ओढून खाली पाडतील, असं तिला वाटलं.

मग तेल. कान साफ करायच्या काडीच्या टोकाला मऊ ओढणीची चिंधी गुंडाळून, तेलात बुडवून, निथळून तिने ती पापणीच्या काठाकाठाने ठेवत नेली. बाहेरच्या कोपऱ्यापासून आत. घासायचं नाही, फक्त टेकवायचं. डोळा आणि नाक यांच्यामधल्या खाचेत तेल साचू लागलं की टिपून घ्यायचं. तिने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि करंगळी सासूच्या गालावर टेकवली, आधाराला. गाल गरम होता.

"काय निघाला?" विनोदिनीने विचारलं.

"काजळ."

काजळ होतंच. पण त्या काळ्या डागात दोन केस होते, आखूड, सरळ. सेजलने तुकडा पटकन दुमडला. मुळाला तांबडं नव्हतं. रोज गळतात तसे गळालेले असतील, तिने मनाला सांगितलं, प्रत्येकाच्या गळतात आणि परत येतात. मन ऐकत नव्हतं. पुढच्या तुकड्यात काय निघेल या भीतीने ती तुकडा उलटून बघायचीच टाळायला लागली.

पुन्हा कोमट पाणी, पुन्हा तेल. व्हॅनचा आवाज येत होता. कुंपणापलीकडे दोन डोकी दिसली आणि खाली गेली, म्हणजे गंगाने काम चोख केलं होतं. काळी खरपुडी आता राखाडी दिसायला लागली होती. बाहेरच्या कोपऱ्यात पट्टीचं टोक किंचित उचललं गेलं. सेजलच्या बोटांना वाटलं, आता धरावं आणि काढावं, एवढंसं तर राहिलंय. याच मोहाने डावा डोळा बोडका झाला होता. तिने हात मागे घेतला आणि पुन्हा तेल लावलं.

"सेजल."

"काय, आई?"

"ह्यो डोळो गेलो तर माका सांग. लपवू नको."

एवढं म्हणताना विनोदिनीचा आवाज चिरकला. वीस वर्षं सुभेदाराचा आवाज काढणाऱ्या बाईचा आवाज. सेजलच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिला समोरचं काही दिसेना. दोघींपैकी एकीला तरी दिसायला हवं, म्हणून तिने खांद्याला डोळे पुसले.

"जाऊचो नाय," ती म्हणाली. तिला खात्री मुळीच नव्हती.

पट्टी सुटली ती तेलात तरंगत सुटली. सेजलने ओढली नाही, फक्त खाली, केसांच्या दिशेने, ओला तुकडा एकदा सरकवला आणि ती त्याच्यावर आली. तिने ती उजेडात धरली. खोटे लांब केस आणि डिंकाचा तवंग. आत तीन-चार खरे केस, बस्स. खाली पापणीवर बाकीचे होते, तेलाने ओले, वाकडेतिकडे झालेले, पण जागच्या जागी. वरखालचे केस अजून थोडे जुळलेले होते, ते तिने कोमट पाण्याने भिजवून भिजवून एकेक सोडवले.

"उघडा बगूया," ती म्हणाली. "सावकाश."

पापणी थरथरली. फट पडली. मग डोळा उघडला. पांढरा भाग लालबुंद झाला होता. तो डोळा वर आढ्याकडे लागला आणि तिथेच राहिला.

"दिसता?"

विनोदिनीने डोळा आणखी ताणून उघडला.

"आई, दिसता काय?"

"धुक्यासारखां," विनोदिनी हळूच म्हणाली. "सगळा पांढरां."

स्पिरिट आत गेलं. रात्रभर आत होतं. डोळा जळाला. आपण आईचा डोळा घालवला. ओंकारला काय सांगायचं, पेडण्याला काय सांगायचं, या घरात आता कुठल्या तोंडाने राहायचं, हे सगळं एकदम तिच्या अंगावर आलं. ती अंगणाकडे वळून "बाबा" म्हणून ओरडणार होती, पण वळलीच नाही. मग तिच्या हाताने आपल्या आपण काम केलं. स्वच्छ पाण्याचा पेला घेतला, विनोदिनीची मान बाजूला वळवली, आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पाण्याची बारीक धार सोडली. पाण्यावर तेलाचे चट्टे तरंगत गालावरून खाली गेले. अजून एक पेला. अजून एक.

"मिटा. उघडा. परत मिटा."

विनोदिनीने डोळा मिटला, उघडला. पुन्हा मिटला. त्यातून पाणी वाहिलं, यावेळी डोळ्याचं स्वतःचं. पापणी दोनदा-तीनदा फडफडली आणि मग विनोदिनीची नजर आढ्यावरून सरकली, खाली आली, सेजलच्या तोंडावर थांबली.

"तुझ्या नाकाक काजळ लागलां," ती म्हणाली.

सेजल बाकाशेजारी खाली बसली. ती हुंदके देऊन रडायला लागली. विनोदिनी उठून बसली. डावा डोळा बोडका आणि सुजलेला, उजवा लाल आणि तेलकट, अशा दोन डोळ्यांनी तिने सुनेकडे पाहिलं. ड्रेसचं टोक अजून तिच्या मुठीत होतं आणि चुरगळून त्याची वात झाली होती.

"आई," सेजल म्हणाली. आता बोलली नसती तर पुन्हा कधी बोलणं झालं नसतं. "तो पापण्यांचो डिंक नाय होतो. तो सोपलेलो. मी तुमच्या पेटयेतलो मिशयेचो लायलंय. डॉक्टराक तां सांगूक व्हया."

"ठावक आसा माका."

सेजलने वर पाहिलं.

"वीस वर्सां तो डिंक माझ्या नाकाखाली आसा," विनोदिनी म्हणाली. "त्येचो वास माका कळाचो नाय? तू ब्रश आणलंस तेव्हाच कळलो."

"मगे बोललात कित्याक नाय?"

"घंटा होवची होती."

हे काही खरं उत्तर नव्हतं, आणि ते तिलाही माहीत होतं. तिने मुठीतलं टोक सोडलं, ते मांडीवर ठेवून हाताने सारखं करायला लागली.

"तुझो हात कापत होतो," ती म्हणाली. "माझ्या भियान. घरात पण बगतंय मी, माझी हाक आयकलंस काय तुझ्या हातातला भांडां पडता. थंय मी काय बोललंय असतंय, तर तू परत माझ्या तोंडाक हात लायलंस नसतंस. पयल्यांदाच लायलेलंस."

सेजलने डोळे पुसले. "आणि आज सकाळी? ओढलात ती?"

"तू उठाच्या आदी काडून टाकूया म्हटलां. तुझ्या नजरेक पडूक नको होता." विनोदिनीने बोडक्या पापणीला हात लावायला बोट वर नेलं आणि मध्येच थांबवलं. "मिशी सुटता तशी सुटतली, असां वाटला माका. तां दुखलां तेव्हा बेसिनार काय राहिला तां पण बगूक नाय. दुसऱ्या डोळ्याक हात लावूचो धीरच नाय झालो."

"पण तुमी तर ओढत होतात. मी इलंय तेव्हा."

"ओढतलंय नाय होतंय. तू हात धरतंस काय, तां बगत होतंय."

अंगणातून व्हॅनचा हॉर्न वाजला. एकदा, मग लांबलचक. सासऱ्यांचा धीर सुटला होता. सेजल घाईघाईने उठली, तुकडे गोळा करायला लागली, तुवालो शोधायला लागली. "चला, आई, बाबा थांबलेत. म्हापशाक पोचाक वेळ लागतलो."

"रवांदे त्येका," विनोदिनी म्हणाली. "ह्या डाव्या डोळ्यार अजून डिंक आसा. तो काड आदी, मगे जावया."

सेजलने नवा तुकडा घेतला आणि कोमट पाण्यात पिळला. तिचा हात अजून थरथरतच होता. विनोदिनीने ते पाहिलं, मान मागे टेकवली आणि दोन्ही डोळे मिटून घेतले.